मध्य-इंजिन स्पोर्ट्स कारचे सर्वचाकी चालनात रूपांतर : लॅम्बोर्गिनी डियाब्लो व्हीटीच्या आधारे एक विवेचन

सारांश

इंजिन चालकाच्या पाठीमागे व मागील आसाच्या पुढे बसविलेल्या मोटारीस मध्य-इंजिन मोटार म्हणतात. अशा मोटारीत इंजिनाची शक्ती बहुधा मागील दोन चाकांनाच दिली जाते. तीच शक्ती चारही चाकांना देण्याचे काम वरकरणी दोन शाफ्ट वाढविण्याइतके सोपे वाटते; प्रत्यक्षात गिअरपेटीची जागा, चाकांच्या व्यासांतील फरक, पुढील आसाची रचना आणि पकडीची विभागणी असे चार प्रश्न एकाच वेळी सोडवावे लागतात. इटलीतील लॅम्बोर्गिनी कंपनीने १९९३ मध्ये आणलेली डियाब्लो व्हीटी ही मोटार मध्यवर्ती उदाहरण म्हणून घेऊन प्रस्तुत लेखात या चार प्रश्नांचा विचार केला आहे. रूपांतराने प्रवेगाची पकड वाढते, परंतु थांबण्याची पकड वाढत नाही, हा या विवेचनाचा प्रमुख निष्कर्ष आहे.

बीजशब्द : मध्य-इंजिन, सर्वचाकी चालन, डिफरन्शियल, श्यान कपलिंग, भारस्थलांतर.

१. प्रस्तावना

मोटारीचे इंजिन कितीही शक्तिमान असले तरी ती शक्ती अखेर रस्त्यावर उतरते ती टायरच्या तळहाताएवढ्या पृष्ठभागातून. टायर व रस्ता यांच्यामधील घर्षण जेवढा जोर पेलू शकते त्याहून अधिक जोर चाकावर आला की चाक जागच्या जागी फिरू लागते. १९८० मध्ये जिनेव्हा येथील प्रदर्शनात ऑडी कंपनीने क्वात्रो ही मोटार सादर केली. तिच्यानंतर चारही चाके ओढणाऱ्या मोटारींनी रॅली शर्यतींचे स्वरूपच बदलून टाकले. क्वात्रोचे इंजिन पुढे होते. ज्यांची इंजिने मध्यभागी होती त्या मोटारींपुढे मात्र वेगळाच प्रश्न उभा राहिला: जी रचना मुळात मागील चाकांसाठी केली आहे, तिच्यातून पुढील चाकांपर्यंत शक्ती न्यायची कशी आणि ती न्यावी काय?

या लेखात चारही चाकांना इंजिनाची शक्ती देण्याच्या पद्धतीस 'सर्वचाकी चालन' आणि केवळ मागील चाकांना देण्याच्या पद्धतीस 'मागील चालन' असे म्हटले आहे.

२. उद्दिष्टे

१) मध्य-इंजिन मोटारीस सर्वचाकी चालनाने होणारा लाभ गणिताने मांडणे.
२) इंजिन व गिअरपेटी यांच्या मांडणीचा रूपांतरावर होणारा परिणाम स्पष्ट करणे.
३) रूपांतरातील यांत्रिक अडचणी व त्यांवरील उपाय यांचा परिचय करून देणे.
४) रूपांतराच्या मर्यादा व सुरक्षिततेचा प्रश्न तपासणे.

३. लाभाचे गणित

मोटार वेग घेऊ लागली की तिचा काही भार पुढील चाकांवरून मागील चाकांवर सरकतो. यास भारस्थलांतर म्हणतात. गुरुत्वमध्य जितका उंच व दोन आसांमधील अंतर जितके कमी, तितके हे स्थलांतर अधिक. उदाहरणादाखल १,६०० किलो वस्तुमानाची एक मानीव मोटार घेऊ. तिचा ५८ टक्के भार मागील आसावर आहे, गुरुत्वमध्याची उंची ०.४५ मीटर आहे आणि आसांमधील अंतर २.६५ मीटर आहे. ही मोटार गुरुत्वत्वरणाच्या ०.६ पटीने वेग घेत असताना सुमारे १६३ किलो भार पुढून मागे जातो. पुढील आसावरील ६७२ किलोंचे ५०९ होतात आणि मागील आसावरील ९२८ किलोंचे १,०९१ होतात.

मध्य-इंजिन मोटार मागील चालनावरही उत्तम का धावते, याचे कारण येथे आहे. ज्या चाकांनी ओढायचे त्यांच्यावरच भार अधिक, आणि वेग घेताना तो आणखी वाढतो. तरीही पुढील चाकांवर उरलेला भार पकडीच्या दृष्टीने वाया जातो. तो वापरता आला तर काय होईल, हे पुढील आकड्यांवरून दिसते. चाकांवरील जोर त्यांच्यावरील भाराच्या प्रमाणात वाटला जातो असे येथे गृहीत धरले असून प्रवेग गुरुत्वत्वरणाच्या पटीत दिला आहे.

कोरडा डांबरी रस्ता, घर्षणांक १.० : मागील चालन ०.७०, सर्वचाकी चालन १.००, पुढील चाकांचा आदर्श वाटा २५ टक्के.
ओला रस्ता, घर्षणांक ०.५ : मागील चालन ०.३२, सर्वचाकी चालन ०.५०; पुढील चाकांचा आदर्श वाटा सुमारे ३४ टक्के.
बर्फाळ रस्ता, घर्षणांक ०.२ : मागील चालन ०.१२, सर्वचाकी चालन ०.२०, पुढील चाकांचा आदर्श वाटा सुमारे ३९ टक्के.

यातून दोन गोष्टी ध्यानात येतात. एक म्हणजे रस्ता जितका निसरडा तितका लाभ प्रमाणाने मोठा. कोरड्या रस्त्यावर प्रवेग सुमारे ४३ टक्क्यांनी वाढतो, तर बर्फावर तो सुमारे ६७ टक्क्यांनी वाढतो. दुसरी गोष्ट अशी की, पुढील चाकांना द्यावयाचा वाटा कधीच निम्मा नसतो, आणि तो रस्त्यागणिक बदलतो. म्हणून पुढे-मागे समसमान शक्ती वाटणारी साधी यंत्रणा मध्य-इंजिन मोटारीस मानवत नाही.

याच गणिताची दुसरी बाजूही पाहणे आवश्यक आहे. मूळ डियाब्लोचे इंजिन ४९२ अश्वशक्तीचे, म्हणजे सुमारे ३६२ किलोवॅटचे होते. ही सर्व शक्ती चाकांपर्यंत पोहोचते असे मानले तरी ताशी सुमारे ११८ किलोमीटर वेगानंतर, कोरड्या रस्त्यावर, वरील मानीव मोटारीची दोन मागील चाकेच ती पेलू शकतात; त्यापुढे सरळ रस्त्यावर पुढील चाकांची मदत लागत नाही. ओल्या रस्त्यावर मात्र हीच मर्यादा ताशी अडीचशे किलोमीटरच्याही पुढे जाते. याचा अर्थ असा की, सर्वचाकी चालनाचा खरा उपयोग उभ्या स्थितीतून निघताना, वळणातून बाहेर पडताना आणि पावसात आहे. कोरड्या महामार्गावरील कमाल वेगाशी त्याचा फारसा संबंध नाही.

४. शक्ती बाहेर कोठून पडते?

रूपांतर शक्य आहे की नाही, हे ठरविणारी सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे गिअरपेटीची जागा. मध्य-इंजिन मोटारींत तीन प्रमुख मांडण्या आढळतात.

पहिल्या मांडणीत इंजिन लांबीच्या दिशेने बसवून गिअरपेटी त्याच्या मागे ठेवतात. शर्यतीच्या बहुतेक मोटारींची मांडणी अशीच असते. येथे गिअरपेटी व पुढील चाके यांच्यामध्ये संपूर्ण इंजिन आडवे येते. त्याला वळसा घातल्याखेरीज किंवा त्यातून वाट काढल्याखेरीज शाफ्ट पुढे नेता येत नाही. २००६ मध्ये आलेल्या ऑडी आर-८ मध्ये हा शाफ्ट गिअरपेटीतून निघून इंजिनाच्या बाजूने पुढे जात असे. जग्वार कंपनीने १९८८ मध्ये बर्मिंगहॅम येथे दाखविलेल्या एक्सजे-२२० या नमुना मोटारीत त्याहून धाडसी उपाय योजला होता. तिच्या बारा सिलिंडरच्या इंजिनात सिलिंडरच्या दोन रांगांमध्ये इंग्रजी व्ही अक्षरासारखी जी खाच राहते, तिच्यातूनच एक बारीक शाफ्ट पुढे नेला होता. १९९२ पासून ही मोटार प्रत्यक्ष विकली जाऊ लागली तेव्हा तिच्यात सहा सिलिंडरचे इंजिन आले आणि सर्वचाकी चालन गळाले.

दुसऱ्या मांडणीत इंजिन व गिअरपेटी दोन्ही आडवी असतात. पुढे इंजिन असलेल्या सामान्य मोटारीचा संपूर्ण संच उचलून आसनांच्या मागे ठेवला की अशी मोटार तयार होते. त्याच कंपनीच्या पुढे इंजिन असलेल्या एखाद्या सर्वचाकी मोटारीची गिअरपेटी येथे बसविण्याचा मोह साहजिक असतो. परंतु त्या गिअरपेटीचा जादा शाफ्ट मागच्या दिशेने बाहेर पडलेला असतो, आणि रूपांतरात तो पुढच्या दिशेने हवा असतो. संपूर्ण संच अर्धा फिरवून बसविला तर शाफ्ट पुढे येतो खरा, पण चाके उलट फिरू लागतात व मोटारीस पुढे जाण्यासाठी एकच गिअर उरतो. लांबीच्या दिशेने बसविलेल्या गिअरपेटीत क्राऊन-पिनियनपैकी क्राऊन पिनियनच्या दुसऱ्या बाजूस बसवून फिरण्याची दिशा बदलता येते. जुन्या फोक्सवॅगन बीटलची गिअरपेटी मध्य-इंजिन गाड्यांत वापरताना हीच युक्ती केली जाते. आडव्या गिअरपेटीत अखेरची दंतचक्रे समांतर शाफ्टांवर असल्याने ही सोय नसते. म्हणून आडव्या इंजिनाच्या मोटारीत बहुधा नवी गिअरपेटी घडवावी लागते. आसनांमागे आडवे इंजिन असलेली प्यूजो २०५ टर्बो १६ ही सर्वचाकी मोटार १९८५ व १९८६ या दोन्ही वर्षी जागतिक रॅली अजिंक्यपदास कारण ठरली. परंतु ती साध्या २०५ मध्ये बदल करून झालेली नव्हती. बाह्यरूपाचे साम्य सोडले तर ती स्वतंत्रपणे रचलेली मोटार होती.

तिसरी मांडणी ही या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. तिच्यात इंजिन लांबीच्या दिशेने असते, परंतु ते उलटे फिरवून गिअरपेटी त्याच्या पुढे, दोन आसनांच्या मध्ये आणलेली असते. लॅम्बोर्गिनीचे अभियंता पाओलो स्टान्झानी यांनी काउंटाश या मोटारीसाठी ही मांडणी योजली. तिचा नमुना १९७१ मध्ये जिनेव्हा येथे दाखविला गेला आणि १९७४ पासून ती विक्रीस आली. गिअरपेटी पुढे आल्याने मागील आसावरील भार कमी झाला, गिअरचा दांडा थेट पेटीत उतरला आणि दूरवर जाणाऱ्या जोडदांड्यांची गरज उरली नाही. गिअरपेटीतून निघालेली शक्ती मागील चाकांकडे परत नेण्यासाठी एक शाफ्ट इंजिनाच्या ऑइल संपमधून, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ऑइल चेंबरमधून, मागे नेलेला होता. त्यापायी इंजिन थोडे उंच बसवावे लागले, हे या मांडणीचे मूल्य.

१९९० मध्ये आलेल्या डियाब्लोने हीच मांडणी पुढे चालविली. स्टान्झानी यांनी ती मागील चालनाच्या मोटारीसाठी केली होती. परंतु गिअरपेटीचे तोंड आपसूकच पुढील चाकांकडे होते. इंजिनाला वळसा घालण्याचा प्रश्नच नव्हता. गिअरपेटीच्या पुढील टोकास एक कपलिंग, तेथून एक लहान प्रोपेलर शाफ्ट आणि पुढील आसावर एक डिफरन्शियल एवढ्यावर शक्तीची वाट पूर्ण होत होती. मध्य-इंजिन मोटारींत डियाब्लोचे रूपांतर सुसाध्य ठरले, त्याचे मूळ वीस वर्षांपूर्वी वेगळ्याच हेतूने केलेल्या या रचनेत आहे.

५. व्यासांचा मेळ

वाट तयार झाली तरी पुढील व मागील चाके एकमेकांना जखडून चालत नाही. वळताना पुढील चाके मागील चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात. आसांमधील अंतर २.६५ मीटर असता, मागील आस १० मीटर त्रिज्येने वळत असेल तर पुढील आसास सुमारे साडेतीन टक्के अधिक अंतर कापावे लागते. पन्नास मीटर त्रिज्येच्या वळणावर हा फरक जेमतेम ०.१४ टक्के असतो. म्हणजेच दोन आसांना जोडणारा दुवा अरुंद वळणात सैल आणि चाके घसरू लागताच घट्ट व्हावा लागतो.

स्पोर्ट्स कारमध्ये याहून मोठी अडचण टायरांची असते. पुढील टायर अरुंद व मागील रुंद असल्याने दोहोंचे व्यासही वेगळे असतात. डियाब्लो व्हीटीला पुढे २३५/४० आणि मागे ३३५/३५ या मापांचे, सतरा इंची रिमवरील टायर होते. या मापांवरून पुढील चाकाचा नाममात्र व्यास सुमारे ६२० मिलिमीटर व मागील चाकाचा सुमारे ६६६ मिलिमीटर येतो. एक किलोमीटर जाताना पुढील चाक सुमारे ५१४ फेरे घेते आणि मागील चाक सुमारे ४७८. सरळ रस्त्यावरही हा छत्तीस फेऱ्यांचा, म्हणजे साडेसात टक्क्यांचा फरक राहतो.

तो मिटविण्याचा मार्ग म्हणजे पुढील डिफरन्शियलच्या क्राऊन-पिनियनचे गुणोत्तर वेगळे ठेवणे. समजा, एकाच वेगाने फिरणारा शाफ्ट दोन्ही आसांना चालवीत आहे आणि मागील गुणोत्तर ४.०० आहे, तर पुढील गुणोत्तर सुमारे ३.७२ असावे लागते. असे दंतचक्रांचे जोड बाजारात तयार मिळतीलच असे नाही. शिवाय टायर झिजतात. आठ मिलिमीटर खोलीचे खाचे दोन मिलिमीटरवर आले की व्यास बारा मिलिमीटरने घटतो, म्हणजे मागील चाकाच्या बाबतीत सुमारे १.८ टक्के फरक पडतो. मागील चालनाच्या मोटारीत केवळ मागचे दोन टायर बदलले तरी चालते. सर्वचाकी मोटारीत तसे केल्यास जोडणाऱ्या यंत्रणेवर नकळत कायमचा ताण येतो. रूपांतर करणाऱ्याने ही गोष्ट विसरली तर यंत्रणा बंद पडेपर्यंत तिचे कारण कळत नाही.

६. श्यान कपलिंग आणि इतर पर्याय

दोन आसांमधील दुव्यासाठी चार पर्याय उपलब्ध असतात. आस थेट जखडणे हा सर्वांत साधा, पण डांबरी रस्त्यावर वळताना यंत्रणेत पीळ साठविणारा पर्याय. मध्यवर्ती डिफरन्शियल हा दुसरा. त्यात सूर्य-ग्रह पद्धतीची दंतचक्रे वापरली तर दातांच्या संख्येनुसार पुढे कमी व मागे अधिक असा टॉर्क वाटता येतो. परंतु एका आसावरील चाके घसरू लागली तर दुसऱ्या आसाकडेही टॉर्क जात नाही, म्हणून त्याला आवर घालणारे साधन जोडावे लागते. तिसरा पर्याय श्यान कपलिंगचा आणि चौथा संगणकनियंत्रित बहुपट्टी क्लचचा.

डियाब्लो व्हीटीमध्ये तिसरा पर्याय निवडला गेला. व्हीटी ही अक्षरे 'व्हिस्कस ट्रॅक्शन' या शब्दांची आद्याक्षरे आहेत. श्यान कपलिंग म्हणजे एक बंद डबा. त्यात छिद्रे पाडलेल्या अनेक पातळ चकत्या असतात. एक सोडून एक चकती आत येणाऱ्या शाफ्टला व उरलेल्या चकत्या बाहेर जाणाऱ्या भागास जोडलेल्या असतात. त्यांच्यामधील जागा दाट सिलिकोन तेलाने भरलेली असते. दोन्ही बाजू जवळपास एका वेगाने फिरत असताना तेल फारसा विरोध करीत नाही. मागील चाके घसरून वेगात फरक पडला की तेल चकत्यांमध्ये ताणले जाते, त्याच्या श्यानतेमुळे एक बाजू दुसरीला ओढू लागते आणि टॉर्क पुढील आसाकडे जातो. घसरण फार झाल्यास तेल तापून प्रसरण पावते, आतील दाब वाढतो आणि चकत्या एकमेकींना जवळपास चिकटून कपलिंग अधिकच घट्ट होते.

सामान्य स्थितीत व्हीटीची मागील चाकेच मोटार ओढत. ती घसरू लागताच पुढील चाकांना जास्तीत जास्त सुमारे पंचवीस टक्के टॉर्क मिळत असे. तिसऱ्या विभागातील मानीव मोटारीसाठी कोरड्या रस्त्यावर निघालेला आदर्श वाटा याच्याशी जुळतो. बर्फावर हा वाटा अपुरा पडणार हेही त्याच आकड्यांवरून उघड आहे. म्हणजे ही यंत्रणा हिमरस्त्यांसाठी नसून प्रचंड शक्तीच्या मोटारीस डांबरी रस्त्यावर सावरण्यासाठी होती.

श्यान कपलिंगची दोन वैगुण्ये आहेत. ते घसरण झाल्यावरच जागे होते, आधी नाही. तसेच वेगातील लहानसा पण सततचा फरक, जसा टायरांच्या बेमेळामुळे पडतो, त्याला रात्रंदिवस तापवीत राहतो व तेल निकामी करतो. बहुपट्टी क्लच संगणकाच्या आज्ञेने आगाऊ घट्ट करता येत असल्यामुळे पुढील काळात तो रूढ झाला. लॅम्बोर्गिनीच्या २००१ मधील मुर्सिएलागोमध्ये श्यान कपलिंग होते. २०११ मधील अवेंटाडोरमध्ये त्याची जागा संगणकनियंत्रित क्लचने घेतली.

७. पुढील आसाची पुनर्रचना

मागील चालनाच्या मोटारीत पुढील चाके केवळ दिशा देतात. त्यांच्या मध्ये मोकळी जागा असते असे नाही. स्टिअरिंग रॅक, रेडिएटर, सामानाची पेटी, क्वचित इंधनाची टाकी तेथे आधीच बसलेली असते. डिफरन्शियल तेथे आले की यांपैकी काहीतरी हलवावे लागते. हबमधून एक्सल शाफ्ट जावा म्हणून स्टब एक्सल व बेअरिंग नवी लागतात. चाक वळलेले असतानाही समान गतीने फिरावे यासाठी शाफ्टच्या टोकांना सीव्ही जॉइंट बसवावे लागतात. शॉक ॲब्सॉर्बर खालच्या विशबोनला जोडलेला असेल तर तो नेमका शाफ्टच्या वाटेत येतो व त्याची बैठक बदलावी लागते.

या फेरबदलांचे पडसाद चालकाच्या हातापर्यंत पोहोचतात. पुढील आसावर भार वाढल्याने स्टिअरिंग जड होते, आणि ओढणाऱ्या चाकांचे धक्के चक्रावर जाणवतात. व्हीटीबरोबर पॉवर स्टिअरिंग आले ते याच संदर्भात पाहिले पाहिजे. वजनाचा विचार केला तर मूळ डियाब्लोचे कोरडे वजन १,५७६ किलो व व्हीटीचे १,६२५ किलो असे दिले जाते. म्हणजे सुमारे पन्नास किलोंची भर. गंमत अशी की, २०१७ मध्ये ऑडीने आर-८ चे केवळ मागील चालनाचे रूप आणले, तेव्हा पुढील शाफ्ट व क्लच काढून टाकल्याने बंद छताच्या मोटारीत जी बचत झाली तीही पन्नास किलोंचीच होती. सर्वचाकी चालनाची ही जणू ठरलेली पट्टी आहे.

वजनाच्या आकड्यापेक्षा त्याची जागा अधिक महत्त्वाची. जड इंजिन मोटारीच्या मध्याजवळ ठेवण्याचा हेतूच असा की, मोटार स्वतःभोवती चटकन वळावी. डिफरन्शियल पुढील टोकास गेले की हा गुण काहीसा उणावतो. त्यात टायरची पकड ही एकच शिल्लक असते. ती ओढण्यात खर्च केली की वळण्यासाठी कमी उरते. टायरची एकूण क्षमता शंभर मानली व त्यातील साठ ओढण्यात वापरली, तर दोन्ही जोर काटकोनात असल्याने वळण्यासाठी ऐंशी शिल्लक राहतात. वळणात अधिक जोर दिल्यास मागील चालनाची मोटार शेपूट बाहेर फेकते. सर्वचाकी मोटार नाक बाहेर काढून सरळ जाऊ पाहते. दुसरा दोष सामान्य चालकास सावरण्यास सोपा, म्हणून अधिक सुरक्षित मानला जातो. निष्णात चालकास मात्र तो कंटाळवाणा वाटतो. लॅम्बोर्गिनीने व्हीटीनंतरही मागील चालनाची डियाब्लो चालू ठेवली, आणि १९९५ ची डियाब्लो एसव्ही मागील चालनाचीच होती.

८. सुरक्षिततेचा प्रश्न आणि मर्यादा

सर्वचाकी चालनाविषयी सर्वांत घातक गैरसमज म्हणजे त्यामुळे मोटार सर्वच बाबतींत अधिक घट्ट धरून राहते हा होय. ब्रेक प्रत्येक मोटारीत चारही चाकांनाच असतात. घर्षणांक ०.५ असलेल्या ओल्या रस्त्यावर ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार, चालन कोणतेही असो, आदर्श स्थितीतही सुमारे ७९ मीटर अंतरात थांबते. फरक इतकाच की, मागील चालनाच्या मोटारीत चाके घसरून रस्ता निसरडा असल्याची सूचना चालकास वेग घेतानाच मिळते; सर्वचाकी मोटारीत ती सूचना मिळत नाही. चालकास रस्त्याचा स्वभाव प्रथम कळतो तो ब्रेक लावल्यावर किंवा वळणात, आणि तोवर वेग अधिक झालेला असतो.

रॅलीच्या इतिहासात हा धडा कठोरपणे मिळाला. लान्चिया कंपनीच्या ०३७ या मध्य-इंजिन, मागील चालनाच्या मोटारीने १९८३ मध्ये उत्पादकांचे जागतिक अजिंक्यपद मिळविले. ते मिळविणारी मागील चालनाची ती अखेरची मोटार ठरली. त्यानंतर कंपनीने ०३७ ला पुढील शाफ्ट जोडत न बसता, नळ्यांचा नवा सांगाडा असलेली डेल्टा एस-४ ही स्वतंत्र सर्वचाकी मोटार तयार केली. १९८५ च्या अखेरीस इंग्लंडमधील आरएसी रॅलीत तिने पदार्पणातच पहिले दोन क्रमांक पटकावले. २ मे १९८६ रोजी कॉर्सिका बेटावरील रॅलीत याच प्रकारच्या मोटारीच्या अपघातात चालक हेन्री टोइव्होनेन आणि सहचालक सर्जिओ क्रेस्टो मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी पोर्तुगालमधील रॅलीत सर्वचाकी चालनाची फोर्ड आरएस-२०० प्रेक्षकांत घुसून तिघांचा बळी गेला होता. आंतरराष्ट्रीय महासंघाने १९८७ पासून या 'गट ब' मोटारींवर बंदी घातली. या दुर्घटनांचे खापर केवळ सर्वचाकी चालनावर फोडणे योग्य होणार नाही. परंतु पकड वाढवून मिळविलेला वेग ब्रेक, सांगाडा, रस्ता आणि माणूस यांच्या क्षमतेपुढे किती सहज निघून जातो, हे त्या वर्षाने दाखवून दिले.

खासगी रूपांतर करणाऱ्यास हा प्रश्न अधिकच लागू पडतो. कारखान्यात शाफ्ट, ब्रेक, सस्पेन्शन व टायर यांची एकत्रित चाचणी होते. गॅरेजात ती सोय नसते. भारतापुरते बोलायचे तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ निर्दिष्ट केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरतील असा बदल करण्यास मालकास मनाई आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच अर्थाचा निर्णय दिला. या मनाईकडे केवळ अडथळा म्हणून न पाहता, वर वर्णिलेल्या परस्परावलंबी बदलांची दखल म्हणून पाहणे उचित ठरेल.

९. शाफ्टविना रूपांतर

अलीकडच्या काळात या प्रश्नाचे उत्तर निराळ्या दिशेने आले आहे. २०१३ मधील पोर्श ९१८ स्पायडर, २०१६ मधील दुसऱ्या पिढीची होंडा एनएसएक्स आणि २०१९ मधील फेरारी एसएफ-९० या मध्य-इंजिन मोटारींत पुढील चाके विजेच्या मोटरींनी चालविली. पुढील व मागील आसांमध्ये कोणताही शाफ्ट नाही. त्यामुळे इंजिनाला वळसा, व्यासांचा मेळ व कपलिंगचे तापणे हे प्रश्न मुळातूनच उरत नाहीत. टॉर्कची वाटणी संगणक करतो आणि होंडाप्रमाणे पुढे दोन स्वतंत्र मोटरी असल्यास डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळा जोर देऊन मोटारीस वळण्यास साहाय्यही करता येते. त्याचे मूल्य बॅटरीच्या वजनात चुकवावे लागते.

लॅम्बोर्गिनीच्या २०२३ मधील रेव्हुएल्टोमध्ये हीच पद्धत स्वीकारली गेली. पुढील चाकांसाठी शाफ्ट नको झाल्याबरोबर गिअरपेटी पुढे ठेवण्याचे कारणही उरले नाही. ती इंजिनाच्या मागे गेली, आणि काउंटाशपासून ज्या बोगद्यात गिअरपेटी बसत आली होती त्या जागी बॅटरी आली.

१०. निष्कर्ष

१) मध्य-इंजिन मोटारीस सर्वचाकी चालनाचा लाभ निसरड्या रस्त्यावर व कमी वेगात सर्वाधिक मिळतो. कोरड्या रस्त्यावर, अधिक वेगात तो नगण्य होतो.
२) रूपांतराची सुलभता इंजिनाच्या शक्तीवर नव्हे, तर गिअरपेटीचे तोंड कोणीकडे आहे यावर अवलंबून असते. डियाब्लो व्हीटी शक्य झाली ती काउंटाशच्या मांडणीमुळे.
३) टायरांचे व्यास, क्राऊन-पिनियनची गुणोत्तरे आणि आसांमधील दुवा या तीन बाबी एकत्रच ठरवाव्या लागतात. त्यांतील एक चुकली तर उरलेल्या दोन टिकत नाहीत.
४) पुढील आसावरील नव्या भारामुळे स्टिअरिंग, सस्पेन्शन व मोटारीचा वळण्यातील स्वभाव बदलतो. म्हणून रूपांतर ही जोडणी नसून पुनर्रचना आहे.
५) रूपांतराने मोटार लवकर वेग घेते, पण लवकर थांबत नाही. जो चालक हा भेद जाणतो त्याच्याच हाती वाढलेली पकड सुरक्षितता ठरते. इतरांच्या हाती ती केवळ वाढलेला वेग ठरते.